तळाचा रंग माशाच्या अंगावर

गप्पी मासा महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे तो डासांच्या अळ्या खाणारा म्हणून. हिवताप-डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसं विहिरीत, हौदात, साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात आणि पुढे त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. बघितलं तर दिसेल, की मादी साधी राखी असते आणि तिच्याहून लहान असलेल्या नराच्या अंगावर केशरी, काळे, निळसर ठिपके असतात. दोन नरांचे ठिपके कधी सारखे नसतात. हे ठिपके कशावर ठरतात, या प्रश्नाच्या मागे जॉन एंडलर हा जीवशास्त्रज्ञ लागला. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत त्याने गप्पी पाहिले होतेच. नंतर प्रिन्स्टनच्या ग्रीनहाउसमध्ये त्याने तळी बांधली आणि त्यांत खडी पसरली. काही तळ्यांत जाड खडी, काहींत बारीक. रंग मात्र दोन्हीकडे तेच: मुख्यतः काळा, पांढरा, हिरवा आणि थोडा निळा, लाल, पिवळा. मग काही तळ्यांत गप्पी खाणारा मोठा मासा सोडला, काहींत सोडला नाही.

पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. शिकारी असलेल्या तळ्यांत नरांचे ठिपके कमी झाले आणि उरलेल्यांचा आकार खालच्या खडीशी जुळत गेला. बारीक खडीवरचे गप्पी बारीक ठिपक्यांचे झाले, जाड खडीवरचे मोठ्या ठिपक्यांचे. शिकारी नसलेल्या तळ्यांत नेमकं उलटं घडलं. तिथे जीव वाचवायचा नव्हता, मादीच्या नजरेत भरायचं होतं, म्हणून ठिपके खडीपासून वेगळे उठून दिसतील असे झाले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग उत्क्रांतीच्या अभ्यासात आजही मानाचं स्थान राखून आहे. मला तो आठवतो तो मासे विकणाऱ्या दुकानात. गिऱ्हाईक गुलाबी आणि निळ्या खडीच्या पाकिटांपुढे उभं असतं आणि सोफ्याला कोणता रंग शोभेल याचा विचार करत असतं, तेव्हा. कारण तळाचा रंग ही माशाच्या दृष्टीने सजावट कधीच नसते. वरून पाहणाऱ्या बगळ्याला किंवा खंड्याला आपण दिसणार की नाही, हे त्या रंगावर ठरतं. लाखो वर्षं हेच ठरत आलेलं आहे, आणि आपली काचेची टाकी त्यात अगदी अलीकडची.

गप्पींच्या ठिपक्यांना पिढ्या लागल्या. पण एकच मासा, त्याच आयुष्यात, तळ बघून रंग बदलतो. ही गोष्ट घरी टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

माशाच्या त्वचेत रंगपेशी असतात. काळ्या रंगाच्या पेशींना मेलॅनोफोर म्हणतात. त्यांच्यात रंगद्रव्याचे सूक्ष्म कण भरलेले असतात. हे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की काळा रंग एका टिंबापुरता उरतो आणि मासा फिकट दिसतो. तेच कण पेशीभर पसरले की मासा गडद होतो. यातला काही भाग मज्जातंतूंच्या हुकमाने होतो आणि तो झटपट असतो, काही मिनिटांतला. काही भाग संप्रेरकांच्या हाती असतो. कण पसरवणारं संप्रेरक वेगळं आणि गोळा करणारं वेगळं. गोळा करणारं संप्रेरक १९८३ मध्ये सामन माशाच्या पीयूषिका ग्रंथीतून पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढण्यात आलं. पुढे तेच माणसासह सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही सापडलं आणि तिथे त्याचा संबंध भुकेशी निघाला. माशांच्या रंगापासून सुरू झालेला शोध आपल्या पोटापर्यंत येऊन पोचला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ही झाली झटपट बदलाची गोष्ट. मासा आठवडेच्या आठवडे एकाच रंगाच्या तळावर राहिला, तर बदल आणखी खोलवर जातो. पांढऱ्या तळावर काळ्या रंगपेशींची संख्याच घटते, काळ्या तळावर वाढते. म्हणून दुकानातल्या कोऱ्या पांढऱ्या टाकीतून आणलेला फिकट मासा घरी गडद तळावर सोडला, की तासाभरात थोडा बरा दिसतो आणि महिन्याभराने ओळखू येणार नाही इतका खुलतो. दुकानात तो आजारी नव्हता. त्याचे रंग मिटलेले होते.

हा निर्णय मासा डोळ्यांनी घेतो. फ्रान्समध्ये जॉर्ज पूशे याने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं होतं, की दृष्टी गेलेला चपटा मासा तळाप्रमाणे रंग बदलू शकत नाही. पुढच्या काळात आणखी बारकावा कळला. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते. वरून येणारा उजेड पडद्याच्या खालच्या भागावर पडतो आणि तळावरून परतलेला उजेड वरच्या भागावर. मासा या दोहोंचं प्रमाण बघतो. तळ किती उजळ आहे, यापेक्षा वरून आलेल्या उजेडापैकी किती उजेड तळ परत पाठवतो, हे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. यातून टाकी ठेवणाऱ्याला एक उपयोगी गोष्ट कळते. दिवा मंद केला म्हणून पांढरा तळ माशाला काळा वाटत नाही. वरचा उजेड कमी होतो तसा खालचाही होतो, प्रमाण तेच राहतं. मंद दिव्याने मासा निवांत होईल, मोकळेपणी पोहेल, पण फिकटपणा जायचा तर तळच बदलावा लागतो.

रंग बदलण्याचं टोक गाठलं आहे ते चपट्या माशांनी. कोकणात लेप खाणाऱ्याला हा मासा ताटातच भेटतो. वरची बाजू रेतीसारखी तपकिरी, खालची पांढरी. जिवंतपणी तो वाळूला चिकटून पडतो आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही. त्याच्या दूरच्या नात्यातल्या उष्ण समुद्रांतल्या एका चपट्या माशावर मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. १९९६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. हा मासा वेगवेगळ्या नक्ष्यांच्या तळांवर ठेवला, अगदी बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवरसुद्धा, तर दोन ते आठ सेकंदांत त्याच्या अंगावरची नक्षी तळाशी जुळत असे. आपल्या घरच्या टाकीतले मासे इतके चपळ नाहीत, पण यंत्रणा त्याच घराण्यातली आहे.

आणि या जुळण्याने खरंच जीव वाचतो का? फ्रान्सिस समनर या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात ते तपासलं. त्याने गॅम्बुशिया मासे घेतले. हेही आपल्याकडे डासांसाठी सोडले जातात. काही मासे त्याने काळ्या टाक्यांत ठेवले, काही पांढऱ्या. ते आपापल्या टाकीच्या रंगाचे झाल्यावर दोन्ही प्रकारचे एकाच टाकीत मिसळले आणि पेंग्विनपुढे सोडले. टाकीशी न जुळणारे मासे जास्त खाल्ले गेले. म्हणजे रंग न जुळणं ही माशाला जिवावरची गोष्ट आहे, आणि आपल्या दिवाणखान्यात पेंग्विन नाही हे त्याला सांगता येत नाही.

आता पांढऱ्या तळाकडे येऊ, कारण वाद सगळ्यात जास्त त्याच्यावर होतात.

बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट चंदेरी असतं. उजेड वरून येतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोटावर सावली पडते. गडद पाठ आणि फिकट पोट मिळून तो फरक मिटवतात आणि मासा पाण्यात विरघळल्यासारखा होतो. हे तत्त्व १८९६ मध्ये ॲबट थेयर या अमेरिकी चित्रकाराने मांडलं. चित्रकाराला ते सुचावं यात आश्चर्य नाही, छायाप्रकाशाने गोलाई कशी उभी राहते हे तो रोज कॅनव्हासवर करत होता. पांढऱ्याशुभ्र वाळूवर प्रखर एलईडी लावला, की ही सगळी योजना कोलमडते. उजेड खालूनही येऊ लागतो आणि माशाला लपायला सावली उरत नाही. नदीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांतून आलेले मासे अशा टाकीत पहिले काही दिवस एका कोपऱ्यात गोळा होतात. झेब्राफिश हा आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. तिथे अर्धी काळी, अर्धी पांढरी टाकी वापरून त्याची चिंता मोजण्याची पद्धत रूढ आहे. प्रौढ झेब्राफिश काळ्या बाजूला जास्त रमतो. पांढऱ्या बाजूला तो किती जातो, यावरून तो किती निर्धास्त आहे हे ठरवतात.

तरीही पांढरा तळ म्हणजे माशाचा छळ, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. मत्स्यशेतीतले प्रयोग वेगळंच सांगतात. कार्प मासे काळ्या टाकीपेक्षा पांढऱ्या टाकीत चांगले वाढल्याचं आढळलं आहे. जपानमधल्या एका चपट्या माशातही तेच दिसलं, आणि त्याचा संबंध वर सांगितलेल्या रंग गोळा करणाऱ्या संप्रेरकाशी जोडला गेला: पांढऱ्या तळावर ते जास्त तयार होतं आणि त्याबरोबर खाणंही वाढतं. वाढ, भूक, रंग आणि निवांतपणा या चार गोष्टी एकाच तळाने सगळ्याच माशांत साधत नाहीत. आपल्याला यांपैकी काय हवं आहे, आणि मासा कोणता आहे, हे आधी ठरवायला हवं. घरी मासा लवकर वजन धरेल की नाही याची फिकीर कुणालाच नसते. त्याचे रंग आणि त्याचं बिनधास्त फिरणं हवं असतं.

पांढरा तळ काही माशांना तर मनापासून मानवतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले कित्येक सिच्लिड फिकट वाळूवर राहतात, त्या सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे आणि त्यांच्यासाठी प्रवाळाची किंवा शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वापरणं योग्यच ठरतं. कोरीडोरास हे तळाशी चरणारे मिशीवाले मासे बारीक वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतात. त्यांना वाळू मऊ हवी, रंगाचं ते फारसं मनावर घेत नाहीत. डिस्कसची ‘पिजन ब्लड’ ही थायलंडमध्ये तयार झालेली जात तर गडद तळाला उलटा प्रतिसाद देते. तिच्या केशरी-पांढऱ्या अंगावर काळ्या मिऱ्याची पूड शिंपडल्यासारखे ठिपके उठतात. म्हणून हे मासे पाळणारे टाकी फिकट ठेवतात, पुष्कळदा तळाशी काहीच घालत नाहीत. काळा तळ सगळ्यांना शोभतो, हा समज या एका माशाने खोटा पाडावा.

काळ्या तळावर रंग खुलतो यामागे दोन वेगळी कारणं आहेत आणि ती वेगळी ठेवलेली बरी. पहिलं कारण माशाच्या कातडीतलं, ते वर आलं. दुसरं आपल्या डोळ्यातलं. मिशेल शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसमधल्या गोब्लँ या गालिचे आणि पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगांचा प्रमुख होता. काही धागे फिके दिसतात अशी तक्रार त्याच्याकडे आली तेव्हा त्याला कळलं, की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगात आहे. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथच लिहिला. काळ्याशेजारी केशरी जास्त केशरी दिसतो, हा डोळ्याचा धर्म आहे. काळ्या खडीवर लाल चेरी कोळंबी एका दिवसात देखणी दिसते ती या कारणाने. काही आठवड्यांनी ती आणखी लाल होते ती पहिल्या कारणाने.

मग सगळ्यांनी काळंच घ्यावं का? माझं मत विचाराल तर नाही. एकसारखी काळीभोर, रंग दिलेली खडी मला टाकीत खोटी वाटते. कोणत्याही नदीचा तळ एका रंगाचा नसतो. मूठभर वाळू उचलून बघा: राखी, तपकिरी, काळे, दुधी, लालसर कण एकत्र असतात. लांबून त्यांचा मिळून एक मध्यम गडद तपकिरी-राखी रंग होतो. बहुतेक गोड्या पाण्याच्या माशांना हाच तळ ओळखीचा आहे, आणि डोळ्यालाही त्याचा कंटाळा येत नाही. गप्पी, बार्ब, डॅनिओ, टेट्रा, गुरामी, एंजल असे मिसळून ठेवायचे असतील तर मी मध्यम ते गडद तपकिरी, मिश्र कणांची खडी सुचवेन आणि त्यावर फार वाद घालणार नाही.

निऑन आणि कार्डिनल टेट्रा यांच्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलावंसं वाटतं, कारण त्यांच्या निळ्या पट्ट्यासाठीच लोक काळी खडी घेतात. हा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. पेशींत ग्वानिनच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातून निळा-हिरवा उमटतो. चकत्यांमधलं अंतर आणि कल बदलला की रंग बदलतो. म्हणूनच रात्री दिवा बंद असताना हा पट्टा जांभळट आणि मंद होतो, आणि सकाळी दिवा लावताच मासे आजारी पडले की काय अशी शंका येते. थोड्या वेळाने ते पूर्ववत होतात. कार्डिनल टेट्राचं घर म्हणजे ब्राझीलमधली रिओ निग्रो ही नदी. तिचं पाणी कुजलेल्या पानांमुळे गडद तपकिरी असतं. पण तिच्या काठची वाळू पांढरीशुभ्र आहे! त्या पांढऱ्या वाळूवर जंगलातून पडलेल्या पानांचा थर असतो आणि मासे त्या थरात, त्या पाण्यात राहतात. म्हणजे पांढरी वाळू आधीच घातली असेल तरी ती उपसण्याची गरज नाही. देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन तळाशी पसरावीत. हे झाड मुंबईच्या रस्त्यांवर आणि कोकणातल्या परसांत भरपूर आहे, जगभरचे हौशी लोक त्याची पानं पैसे मोजून मागवतात. पानांतून टॅनिन उतरतं, पाणी तपकिरी होतं, तळ झाकला जातो आणि निऑन उजळतात. फवारणी न झालेल्या जागची पानं घ्यावीत एवढंच.

आपल्याकडे खडी कुठून येते, हा भाग मला फार आवडतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टवर उभा आहे. आपला काळा कातळ तो हाच. कृष्णा, भीमा, गोदावरी यांच्या पात्रातले गोटे याच कातळाचे, आणि खडीक्रशरवर मिळणारी बारीक कचही याचीच. काळसर राखी, मिश्र छटांची, स्वस्त, आणि कित्येक माशांना पूरक. दुकानातल्या रंगीत पाकिटापेक्षा मी हीच पसंत करतो. मात्र क्रशरची कच धारदार असते. तळाशी चरणाऱ्या मिशीवाल्या माशांना ती चालत नाही, त्यांच्यासाठी पाण्याने घासलेली गोल कणांची वाळूच हवी.

बेसाल्टची एक खोडही लक्षात ठेवावी. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. त्यात झिओलाइट असतात, गारा असतात, आणि कॅल्साइटही असतं. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात हळूहळू विरघळतं आणि पाणी जड व अल्कधर्मी करत राहतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या खड्यांवर व्हिनेगरचे काही थेंब टाकून बघावेत. बुडबुडे आले तर कॅल्साइट आहे. हे वाईटच असं नाही. गप्पी, मॉली, मलावीचे मासे यांना जड पाणी आवडतं. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी मुळातच जड, तिथे थोड्या कॅल्साइटने काही बिघडत नाही. पण मुंबईचं धरणांचं मऊ पाणी वापरून कुणी डिस्कस किंवा निऑन ठेवणार असेल तर असे खडे बाजूला काढलेले बरे.

समुद्राच्या वाळूबद्दल एका वाक्यात सांगायचं तर ती आणू नये. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, मीठ असतं, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर निर्बंधही आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू बघून मोह होतो, ती चमकते ती इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे. काळ्या वाळूत मॅग्नेटाइटचेही कण असू शकतात, आणि ते फिल्टरच्या पंपातल्या चुंबकाला जाऊन चिकटतात. दुकानातून घेतलेल्या काळ्या वाळूवरूनही एकदा चुंबक फिरवून बघावा.

कोकणातला जांभा लाल, सच्छिद्र आणि लोहाने भरलेला. १९८०च्या दशकात कास्पार होर्स्ट आणि होर्स्ट किपर या जर्मन जोडीने वनस्पतींच्या टाकीत तळाखाली जांभ्याची माती घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली, कारण मुळांना तिच्यातून लोह मिळतं. वरून मात्र ती दिसू देऊ नये. ढवळली की पाणी लाल होतं आणि दिवसभर निवळत नाही. पातळ थर खाली, त्यावर धुतलेली खडी, हे बरं. जपानच्या ताकाशी अमानो यांनी (१९५४–२०१५) पुढे भाजलेल्या मातीचे गडद तपकिरी दाणे तळाशी घालण्याची रीत जगभर नेली. त्यांच्या टाक्यांत गडद मातीवर हिरवळ असते आणि पुढच्या बाजूला फिकट वाळूची मोकळी पट्टी. एकाच टाकीत दोन रंग कसे नांदवावेत हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे: पट्टी पुढे रुंद, मागे निमुळती, म्हणजे दोन फुटी टाकीलाही खोली येते. माशांनाही यात निवड मिळते. कोरीडोरास पट्टीवर येतात, टेट्रा गडद भागावर राहतात.

निळ्या-गुलाबी खडीचं काय? माझा तिला विरोध आहे, आणि तो फक्त आवडीनिवडीचा नाही. निळा तळ माशाच्या कोणत्याही घरात नसतो, आणि मासे रंग आपल्यापेक्षा जास्त बारकाईने बघतात. गोल्डफिशच्या डोळ्यात चार प्रकारच्या शंकूपेशी असतात, आपल्या तीनपेक्षा एक प्रकार जास्त, आणि तो अतिनील प्रकाश टिपतो. शिवाय स्वस्त खडीवरचा रंग कालांतराने सुटतो, थर खपल्यांनी निघतो. मुलांच्या हट्टापायी घ्यावीच लागली तर ती आधी पांढऱ्या भांड्यात कोमट पाण्यात काही दिवस भिजत ठेवावी आणि बोटांनी चोळून बघावी. पाणी रंगलं तर ती टाकीत जाऊ नये.

स्वच्छतेच्या बाबतीत लोकांचा अंदाज बहुधा उलटा असतो. पांढऱ्या तळावर विष्ठा, उरलेलं खाणं, तपकिरी शेवाळ सगळं दिसतं, म्हणून तो घाणेरडा समजतात. काळा तळ हे लपवतो, म्हणून स्वच्छ समजतात. घाण दोन्हीकडे सारखीच साचते. काळ्या तळावर ती दिसत नाही म्हणून खाणं जास्त टाकलं जातं, अमोनिया वाढतो आणि मासे का मेले ते कळत नाही. नव्याने टाकी ठेवणाऱ्याला मी म्हणूनच अगदी काळा तळ सुचवत नाही. मध्यम तपकिरीवर घाण दिसते, पण टोचत नाही.

खरेदीला जाताना कोरडी खडी बघून रंग ठरवू नये. ओला दगड गडद दिसतो, कारण कणाभोवती पाणी असलं की प्रकाश दगडात जास्त खोल शिरतो आणि कमी परततो. कोरडी असताना राखी वाटणारी कच पाण्यात जवळजवळ काळी होते. मूठभर नमुना आणून पेल्यात भिजवावा आणि आपल्याच टाकीच्या दिव्याखाली धरावा. निळसर पांढऱ्या दिव्याखाली तपकिरी वाळू राखी पडते, पिवळसर दिव्याखाली पांढरी वाळू मळकट. टाकीच्या मागच्या काचेवर लावलेला कागदही माशाच्या नजरेत तळाइतकाच येतो. काळ्या खडीमागे पांढरीशुभ्र भिंत उघडी ठेवली तर काळ्या खडीचा निम्मा उपयोग जातो.

किती लागेल? साठ सेंटीमीटर लांब आणि तीस सेंटीमीटर रुंद टाकीत पाच सेंटीमीटरचा थर हवा असेल तर नऊ लिटर खडी लागते. लिटरला साधारण दीड किलो धरलं तर तेरा-चौदा किलो. टाकीखालचं टेबल हे वजन आणि वरचं पाणी पेलेल का, ते आधीच बघावं. खडी बादलीत घेऊन नळाखाली हाताने ढवळत धुवावी, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. साबण लावू नये.

चालू टाकीचा तळ बदलायचा असेल तर सगळी खडी एका दिवसात उपसू नये. अमोनियाचं विघटन करणारे जिवाणू खडीच्या कणांवरही वस्ती करून असतात. एका बाजूची तिसरा हिस्सा खडी काढून तिथे नवी घालावी, फिल्टर तसाच चालू ठेवावा, दोन आठवडे थांबावं आणि मग पुढचा हिस्सा घ्यावा. या काळात खाणं कमी द्यावं आणि आठवड्याला थोडं पाणी बदलावं. अर्धा तळ जुना, अर्धा नवा असताना टाकी विचित्र दिसते, पण मासे कोणत्या अर्ध्यावर जास्त वेळ काढतात हे बघायला तेव्हाच मिळतं. त्यांनी जुनाच भाग धरून ठेवला, तर उरलेली नवी खडी घालण्याची घाई करू नये.